पारशिवनीचे दोन रस्ते आणि चाळीस मिनिटं

नागपूरहून पारशिवनीला जायला दोन रस्ते आहेत. एक कामठी-कन्हानवरून, हायवेनं. दुसरा खापरखेड्यावरून, आतला. वर्षापूर्वी पारशिवनीत मामांच्या छातीत कळ आली तेव्हा मी त्यांना हायवेनं नागपूरला आणलं. कन्हानजवळ ट्रक उलटलेला. त्या कोंडीत दवाखाना गाठायला पावणेदोन तास लागले. "अर्धा तास आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. मामा गेले. तेव्हापासून मी गाडीला हात लावला नाही. स्वतःला मात्र रोज आरशासमोर बोल लावले, आणि बोलताना मी कुणाची भीड ठेवत नाही.

परवाच्या रविवारी ठरवलं, तो दुसरा रस्ता घड्याळ लावून पाहायचाच. खरं सांगते, मला माझा गुन्हा पक्का करून घ्यायचा होता.

सकाळी सातला निघाले. कोराडीपर्यंत रस्ता छान. खापरखेड्यात चहा-आलूबोंडा तीस रुपयांत मिळतो, तिखट आहे. पुढे मात्र खड्डे, कंबर सांभाळा. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. तो पाहायला मी थांबले नाही, तुम्ही थांबा.

चहाची वेळ वजा करून एक तास पाच मिनिटं. म्हणजे चाळीस मिनिटं वाचली असती. मामांच्या दारात गाडी बंद करून मी तशीच बसून राहिले.

मामी बाहेर आल्या. "काहून रडून राहिली वं?"

"मामी, मी चुकली. आतल्या रस्त्यानं आणाले पाहिजे होतं मामाले."

त्या दाराला टेकल्या. "तू कशी चुकली? हायवेनं घे, हे तर मीच म्हटलं होतं. आतून खड्डे आहेत, त्यायले हिसके बसतीन म्हणून. मागं त्यायचं डोकं माह्या मांडीवर होतं ना. वर्ष झालं, हेच घेऊन बसली मी. कोणाले सांगू?"

मला फक्त स्टिअरिंगवरचे माझे हात आठवत होते. मागच्या सीटवरून आलेला मामींचा आवाज मी पार पुसून टाकला होता.

"तुमची काय चूक, मामी? तुम्ही तं त्यायच्या भल्यासाठीच म्हटलं."

"मंग तू काय वाईटासाठी गाडी वळवली होती?"

मी गाडीतून उतरून आत गेले. त्यांनी वांग्याची भाजी वाढली, दोघी जेवलो. दुपारी त्यांना सोबत घेऊनच निघाले. हायवे मोकळा होता, आणि ते पाहून पुन्हा जीव जळला. येण्याजाण्याचं पेट्रोल सहाशेच्या आसपास.

आज मंगळवार. मामी अजून आमच्याकडेच आहेत. ती चाळीस मिनिटं गेली ती गेलीच, कुणी कितीही समजूत काढली तरी. सकाळी आरशासमोर सवयीनं तोंडात आलं, 'तूच मारलंस त्यांना.' मामी मागेच माझ्या मुलीची वेणी घालत होत्या. हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायची माझी हिंमत नव्हती. मी ते गिळलं आणि तोंड धुतलं.