शेवंताचं कार्ड

काल बाळापूरच्या आमच्या मेडिकलचा काउंटर आवरताना लॅमिनेशन केलेला एक जुना कागद हाती लागला... आणि इतक्या वर्षांनीही डोकं तसंच फिरलं.

तेव्हा मोबाइल नुकते आले होते. एका औषध कंपनीने जवळच्या तांड्यावर शिबिर घेतलं. तिथल्या जमुनाबाईच्या लेकीला, शेवंताला, फिट यायच्या. तिला महिन्याच्या गोळ्या दिल्या, फोटो काढले, 'दर महिन्याला गाडी येईल' म्हणाले. तीनदा आली, मग गायब!

पुढे त्याच कंपनीचा एमआर, म्हणजे औषधांचा प्रतिनिधी, दुकानात एक गुळगुळीत पुस्तक ठेवून गेला. वार्षिक अहवाल म्हणे... उघडतो तर पानभर शेवंताचा फोटो! खाली इंग्रजीत लिहिलेलं, औषध हा प्रत्येक रुग्णाचा हक्क आहे आणि तो आम्ही शेवटच्या घरापर्यंत पोचवतो. मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, ते पान फाडून मोठ्या हौसेने जमुनाबाईला दिलं. लेकीचा फोटो बघून खूश होईल म्हणून... शहाणाच की मी!

आठ दिवसांनी बाई दुकानात हजर. हिंगोलीला जाऊन पानाला लॅमिनेशन करून आणलेलं. आमच्याकडे फोटोवाला कागद म्हणजे कार्ड, दाखवलं की वस्तू मिळते. "भाऊ, लेकीचं कार्ड आलंय. गोळ्या दे."

आदल्या दिवशीच शेवंता फिट येऊन चुलीजवळ पडली होती. हात भाजला होता.

हे कार्ड नाही, असं मी तिला सांगितलं. मग लिहिलंय तरी काय, म्हणून तिने विचारलं. मी मराठीत सांगितलं. "बराबर तेच तं मागून राहिले मी," ती म्हणाली.

दुकान बंद करून मायलेकींना हिंगोलीला नेलं. डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या सुरू केल्या, हळूहळू फिट थांबल्या. कंपनीला मी चार पानी पत्र खरडलं. उत्तर काय यावं? आमच्या अहवालात रस घेतल्याबद्दल आभार! सोबत नवा अहवाल... त्यात पुन्हा शेवंताचा तोच फोटो. हात भाजायच्या आधीचा.

तो दाखवला तेव्हा जमुनाबाई चिडलीसुद्धा नाही, त्याचाच मला जास्त राग आला. तिने जुनं पान पदराने पुसलं आणि काउंटरवर ठेवलं. "ठिव तुझ्यापाशी. गाडी आली तं दाखव."

ठेवलंय, बाई... अजून ठेवलंय.