चार नंबर सुटली

खरं तर हे लिहिणारच नव्हते. उद्या सबमिशन आहे आणि फाईल कोरी आहे. पण होडीकाकांचं सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून एका दमात लिहून टाकतेय.

होडीकाका नदीकाठी वल्ह्याच्या होड्या फिरायला देतात. त्याआधी तीस वर्षं बस चालवली, आणि ती बस अजून अंगातून उतरलेली नाही. होड्यांना नंबर आहेत. गिऱ्हाईक कितीही नखरे करो, होडी नंबरानेच सुटणार. परत आली की मागे घेत घेत लावायची, नाक पाण्याकडे, म्हणजे निघायला सोपं. मध्येच कुणी होडीत उभं राहिलं की काका काठावरून ओरडतात, "ओ भाऊ, बसा! स्टॉप यायचाय अजून!"

चार नंबर महिनाभर बंद होती. वल्हं अडकवायचा खिळा मोडलेला, म्हणून तिला घाईघाईत नाक काठाकडे करून सावलीत बांधून टाकली होती. परवा सकाळी खिळा मिळाला. काकांना कोण आनंद! समोर दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको उभीच होती. खिळा ठोकला, दोघांना बसवलं, शिट्टी मारली आणि चार नंबर सुटली.

पाचच मिनिटांत लाइफ जॅकेट वाटणाऱ्या काकूंनी वर बघितलं. दोन भिंगऱ्या चोचीत किडे धरून रिकाम्या खुंटीवर गरागरा फिरत होत्या.

"अहो, यांचं घर सहलीला पाठवलंत तुम्ही!"

"कुणाचं?"

"या दोघांचं! फळीखाली घरटं असणार. खिळा ठोकताना जरा वाकून बघायचं ना!"

काकांचं तोंड एवढंसं झालं. महिनाभर ते या पाखरांना 'पासवाले' म्हणून चिडवत होते. रोज ये-जा, तिकीट नाही!

पुढच्या क्षणी काका पाच नंबरमध्ये. काकूंनी जॅकेट फेकलं ते नेमकं डोक्यात. गुडघे कुरकुरतायत, बगळे दचकून उडतायत, काका वल्ही हाणतायत. नदीच्या वळणावर, खंड्याचा फोटो काढणाऱ्या त्या दोघांना त्यांनी एकदाचं गाठलं.

"डॉक्टर, होडी बदला!"

"का? गळतेय का?"

"नाही, भरलीय!"

डॉक्टर वाकले. मागच्या फळीखाली चिखलाची वाटी आणि वाटीत चार उघड्या चोची.

"अरेच्चा! मला वाटलं वल्हं करकरतंय."

"जन्मभर लोकांना 'आ करा' म्हणता," बायको म्हणाली, "आणि चार जण कधीचे आ करून बसलेत ते दिसेना!"

मग भर नदीत अदलाबदल. डॉक्टरांचा एक पाय चारमध्ये, एक पाचमध्ये, आणि हातांनी काकांची मान घट्ट! पडले नाहीत, हे नशीब.

परत येताना काकांनी वल्ही अशी चालवली की पाण्याला कळू नये. "आलोच रे बाळांनो, आलोच." होडी खुंटीला बांधली आणि काकूंसोबत झाडामागे जाऊन बसले.

भिंगऱ्या आल्या. घिरटी घातली आणि निघून गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पिल्लांची चिवचिव बारीक होत होत थांबलीच. काकांनी डोकं धरलं.

"माझ्या हातून चार जीव..."

"गप्प बसा हो." काकू होडीकडे एकटक बघत होत्या. "नाक कुठे केलंत तिचं?"

पाण्याकडे! सवयीने, मागे घेत घेत, बस लावल्यासारखी. महिनाभर घरट्याकडचं टोक पाण्यावर होतं, ते आता काठाला चिकटलं होतं. पाखरं आपली पाण्याच्या बाजूने येत होती आणि तिथे होडीचं रिकामं नाक!

काका चपला टाकून गुडघाभर चिखलात घुसले, होडी फिरवली, मागे सरकले. एक भिंगरी आली आणि सप्पकन फळीखाली शिरली. मग जो काही कल्ला झाला! काका तिथेच चिखलात बसले आणि ढसाढसा रडले. काकू म्हणाल्या, "पुरे आता, नदीला पूर येईल."

पिल्लं फार तर आठवडाभरात उडतील. तोवर काका दिवसभर त्या झाडामागे असतात. येईल त्याला खुणेने गप्प करतात, शेजारी बसवतात आणि आज कोण किती वेळा जेवलं ते कानात सांगतात. प्लीज, याच आठवड्यात जा आणि काकांना भेटून या.