साठेकाकांचा डबल ईगल

आमच्या न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या, नाणी जमवणाऱ्या कंपूतल्या कुणाचाही फोन आला की एक किस्सा निघतो, आणि त्याच्या मागोमाग चार!

ऐंशीच्या दशकात कंपूचे म्होरके होते साठेकाका. त्यांच्याकडे नाणं एकच, पण काय नाणं! जुना अमेरिकन डबल ईगल. वीस डॉलरचा, सोन्याचा, दुर्मिळ. त्यासाठी त्यांनी काकूंच्या पाटल्या मोडून वर बचतही घातली होती. "भाव वाढला की दुप्पट जड करून देतो," हा वायदा. पाच वर्षं झाली. भाव वाढत होता आणि काका काही विकत नव्हते!

*

जर्सी सिटीतल्या वॉल्टरच्या नाण्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो, तो नागपूरचा कसोटीचा दगड खिशात घालून. नाणं हातात आलं आणि सवयीने घासलं की हो!

"नो! नो!" वॉल्टर किंचाळला.

"सोनं खरं आहे का बघतोय."

"खरंच होतं. आता ओरखडा पडलेलं खरं आहे!"

ते नाणं मलाच घ्यावं लागलं.

*

काकांच्या नीताने शाळेत सांगितलं, "माय डॅड हॅज ट्वेंटी डॉलर्स अँड ही वोन्ट स्पेंड इट!"

टीचरने काकूंना हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

*

एकदा वॉल्टर काकांकडे पुरणपोळी खायला आला. भिंगातून नाणं बघून म्हणाला, "कुणी धुतलेलं नाही, म्हणून एवढा भाव."

"आणि धुतलं तर?" तूप वाढता वाढता काकूंनी विचारलं.

"मग नुसतं सोनं. वजनाचा भाव."

"अस्सं!" म्हणत काकूंनी त्याला अजून एक पोळी वाढली.

*

त्याच वर्षीचं लक्ष्मीपूजन. पाटावर डबल ईगल नुसता लखलखत होता. रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासलेला, वर हळदकुंकू!

"अगं, हे काय केलंस!" काका ओरडले.

"मग काय, लक्ष्मीपुढे कळकट नाणं ठेवू?"

काका त्या दिवशी जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं त्यांचं. शनिवारी दोघांना ड्राइव्ह करून मीच वॉल्टरकडे नेलं.

वॉल्टरने बराच वेळ बघितलं आणि भिंग खाली ठेवलं. "सॉरी. आता फक्त वजनाचा भाव."

काकांनी नाणं परत खिशात घालायला घेतलं.

"वजन किती?" काकूंनी विचारलं.

"तेहतीस ग्रॅम."

काकूंनी बोटांवर मोजलं. "अहो, जुन्या मापाने पावणेतीन तोळे! माझ्या पाटल्या तेवढ्याच होत्या ना?"

आणि पर्समधून काचेची एक बांगडी काढून काउंटरवर ठेवली. "मापाला घेऊनच आलेय."