वानखडे सिस्टरनं वाक्य बदललं

चौतिसाव्या माणसानंही खांब धरला.

अमरावतीत एका शाळेचा हॉल आम्ही दोन दिवसांसाठी घेतला होता. हॉलच्या मधोमध एक खांब होता. सीन असा: मुलाला अपघात झालाय, बाप दवाखान्यात धावत येतो, नर्स त्याला मुलगा गेल्याचं सांगते. बापाला वाक्यं फक्त दोन, बाकी नुसतं ऐकायचं. पण ऐकायला कुणी तयार नव्हतं. नर्सचं वाक्य पुरं व्हायच्या आत प्रत्येक जण खांबाला मिठी मारून हंबरडा फोडत होता.

मी कास्टिंग डायरेक्टर. पटकथेतल्या माणसांसाठी खरी माणसं शोधून देणं हे माझं काम. माहेर अमरावतीचं, काम मुंबईत. सिनेमा वऱ्हाडातला होता, म्हणून बाप इथलाच घेऊ, असा हट्ट मी डायरेक्टर समीरकडे धरला होता. तो म्हणाला होता, "रविवार संध्याकाळपर्यंत दाखव. नाहीतर माझ्याकडे मुंबईचं नाव तयार आहे." आज रविवार होता. दुपारचा एक वाजला होता आणि दाखवण्यासारखी एकही टेप माझ्याकडे नव्हती.

त्यात वर्षाचा आवाज गेला. वर्षा माझी जुनी सहकारी, ऑडिशनमध्ये ती रीडर असते. रीडर म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला बसून समोरच्या पात्राची वाक्यं वाचणारा माणूस. दीड दिवस "आम्ही खूप प्रयत्न केले" म्हणून म्हणून तिचा घसा पार बसला. मला मॉनिटर सोडता येत नव्हता. बाहेर शेजारणीच्या छोट्या रोलसाठी आलेल्या बाया बाकावर बसल्या होत्या. मी दारात जाऊन विचारलं, "चार वाक्यं वाचून द्यायची आहेत. कुणी येतं का?"

एक बाई उठल्या. वय साठीच्या आसपास, चापूनचोपून नेसलेली सुती साडी, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ. "मी वाचून देईन न मॅडम."

प्रज्ञा वानखडे. अकोल्याहून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. फॉर्म भाचीनं भरून दिला होता. मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"असंच म्हना लागते का?"

"काहून?" मी विचारलं. माहेरी आलं की तोंडात तेच येतं.

"काई नाई. असं सांगत नसतात."

वाद घालायला वेळ नव्हता. "तुम्हाला जमेल तसं सांगा," मी म्हटलं.

पुढचा नंबर देवीदास राऊतांचा. अंजनगाव सुर्जीचे, घरचा पानमळा, गावच्या नाटकांत तीस वर्षं कामं केलेली. सकाळी त्यांची एक ऑडिशन झाली होती, खांबासकट. अजून एक चान्स द्या म्हणून उपाशी थांबले होते.

ॲक्शन म्हटल्यावर राऊत धावत आले. "सिस्टर, माहा पोरगा? अमोल? मूर्तिजापूरहून आनला त्याले."

बाई कागदाकडे बघत नव्हत्या. त्यांनी बाजूची खुर्ची ओढली. "बसा भाऊ."

राऊत उभेच राहिले. पटकथेत बसणं नव्हतं.

"बसा पयले. सोबत कोन हाय तुमच्या?"

"कोनी... कोनी नाई. एकटाच आलो."

"बरं. मी हाय इथं." राऊत बसले. बाई त्यांच्यासमोर दुसरी खुर्ची घेऊन बसल्या. "भाऊ, तुमच्या पोराले लय मार लागला होता. तो गेला. आत्ताच गेला."

राऊतांनी रडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते बाईंकडे बघतच राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सकाळी डबा नेला होता त्यानं. मायनं भाकर बांधून देल्ली होती."

हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

"हो," बाई म्हणाल्या. एवढंच. हात धरला नाही, पाठ थोपटली नाही. नुसत्या समोर होत्या.

कट म्हणणं माझं काम होतं. मला ते सुचलंच नाही. कॅमेरामनही वळून बघेना. शेवटी राऊतांनीच हळूच विचारलं, "झालं का मॅडम?" आणि तरी ते उठले नाहीत.

मी बाईंना विचारलं, "तुम्ही काय करता?"

"नर्स होती. छत्तीस वर्षं. मागच्या वर्षी रिटायर झाली."

"वाक्य का बदललंत?"

"प्रयत्न केले म्हटलं का मानसाले वाटते, अजून काई शिल्लक हाय. तो मंग आपल्याले विचारत राह्यते, आता काय करता म्हनून. सिधं सांगा लागते. अन् उभ्या मानसाले सांगू नये. पडते तो."

त्यानंतर अकरा जण आले. खांबाकडे एकही गेला नाही. मी वीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. बाई प्रत्येकाला तेच सांगत होत्या आणि दोनदा एकसारखं सांगत नव्हत्या. एका माणसाला त्यांनी आधी पाणी दिलं. एक जण बोलतच सुटला, त्याला बोलू दिलं, थकला तेव्हा सांगितलं. एका अगदी तरुण पोराला, तो बापाच्या रोलमध्ये असूनही, त्यांनी "बेटा" म्हटलं, आणि तो खाली मान घालून बसून राहिला. जे सकाळी नट होते ते दुपारी माणसं झाले होते. मी त्यांना काहीही शिकवलं नव्हतं.

साडेचारला टेपा पाठवल्या. सहाला समीरचा व्हिडिओ कॉल आला.

"हे राऊत फायनल. पण मला एक सांग, दुपारनंतर सगळेच एवढे चांगले कसे झाले?"

"तूच सांग."

त्यानं एक टेप पुन्हा लावली. "कॅमेऱ्याबाहेरचा आवाज कुणाचा आहे?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "नर्सचा रोल लॉक आहे, नटी ठरलीय, तुला माहितीये. आणि ती बाई ॲक्टिंग करत नाहीये, स्वतःचं काम करतेय. कॅमेरा तोंडावर आला की हे सगळं जातं."

शंका रास्त होती. खऱ्या अनुभवाची माणसं एकदा अफाट करतात, दुसऱ्यांदा त्यांना ते सापडत नाही. नट तो, जो सांगाल तेव्हा आणि सांगाल तसं पुन्हा करतो. म्हणून आम्ही रीडायरेक्ट करतो, म्हणजे तोच सीन एखादी गोष्ट बदलून पुन्हा करायला लावतो. मी बाईंना आणि राऊतांना थांबवून घेतलं होतं. कॅमेरा बाईंवर वळवला, राऊतांना समोर उभं केलं. समीर फोनवर बघत होता.

"सिस्टर, तसंच सांगायचं. पण ड्यूटी संपायला पाच मिनिटं आहेत. बाहेर तुमची मुलगी तापानं फणफणलीय, तिला घेऊन जायचंय."

बाईंनी मान हलवली. सीन सुरू झाला. मी वाट बघत होते, त्या घड्याळाकडे बघतील म्हणून. कुणीही बघितलं असतं. त्यांनी उलट घड्याळाचा हात पदराखाली घेतला आणि राऊतांसमोर आणखी सावकाश बसल्या. "बसा भाऊ," हे त्या अगदी निवांतपणे म्हणाल्या. घाई त्यांनी पूर्ण लपवली होती, आणि तरी ती मला दिसत होती.

फोनवरून आवाज आला, "लॉक काढ."

बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अन् शेजारनीचं काय झालं? मी त त्याच्यासाठी आलती."

शूटिंग अकोल्यात झालं. समीरनं बाप कॉरिडॉरच्या टोकाला उभा, असा लांबचा शॉट ठरवला होता. सिस्टरनी सेटवर शांतपणे सांगितलं, "उभ्या मानसाले मी सांगनार नाई साहेब." लाइट पुन्हा लावायला दोन तास गेले. शॉट एका टेकमध्ये झाला.

आमच्या ऑडिशनच्या फॉर्मवर वय, उंची, भाषा, अनुभव असे रकाने असतात. त्या दिवसापासून मी माझ्यासाठी एक वाढवला: हा माणूस बोलला तेव्हा समोरच्याचं काय झालं? बहुतेक वेळा तो रिकामाच राहतो.