मांडीवरची पीएचडी

शनिवारी मी माझी पीएचडी मांडीवर घेऊन आर्वीहून वर्ध्याला गेले... एसटीनं.

अक्षरशः मांडीवर. एक हिरवा सर्किट बोर्ड, त्याला लावलेला छोटा कॅमेरा आणि एक पॉवर बँक. बोर्डावरचे बारीक दिवे लुकलुकत होते आणि कंडक्टरची नजर त्यावरून हटेना.

"मॅडम, हे काय होय? लाइट काऊन लागून राह्यले?"

"पीएचडी आहे भाऊ. वीज गेली तर सगळं पुसलं जातं."

"मंग मांडीवरच ठेवजा. वर नका ठेवू, आपल्या रोडचा भरोसा नाई."

माझ्या बोर्डावरच्या चिपचं आतलं सर्किट कामाप्रमाणे बदलता येतं. कापूस आला की ती कॅमेऱ्यातून कापसातला कचरा ओळखते, सोयाबीन आलं की तीच चिप डागी दाणे ओळखते. अर्धा भाग बदलत असताना उरलेल्या अर्ध्यानं काम थांबवायचं नाही... एवढंच माझं संशोधन. एवढ्याला सात वर्षं लागली. पॉलिटेक्निकमधले शिकवण्याचे तास, मुलाची दहावी, सासऱ्यांचं आजारपण, या सगळ्यातून उरलेली सात वर्षं.

चिपला एक खोड आहे. वीज गेली की ती सगळं विसरते. विसरू नये म्हणून बोर्डावर वेगळी मेमरी असते, पण माझ्या बोर्डाची ती महिनाभरापासून बिघडलेली. पुन्हा भरायचं सॉफ्टवेअर फक्त आर्वीला आमच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर. म्हणून पहाटे लॅबमध्ये सगळं भरून बोर्ड तसाच चालू ठेवून निघाले होते.

वर्ध्याच्या परिषदेत नुसता पेपर वाचून भागणार नव्हतं. सत्राच्या अध्यक्षांनी 'चालू यंत्रणा पाहिली' असं लिहून सही केली, तरच माझा प्रबंध या वर्षी पुढे जाणार होता. माझ्या गाईड सरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. माझी वाढवून मिळालेली मुदतही संपत आली होती.

अध्यक्ष नागपूरच्या एक मॅडम होत्या, निवृत्तीला आलेल्या. पेपर वाचणाऱ्या पहिल्याच मुलाला त्यांनी मध्ये थांबवून विचारलं, "हे सगळं स्क्रीनवर आहे. चालतं का?" त्यानं पुढची स्लाइड लावली.

पॉवर बँकचा शेवटचा दिवा उरला होता. ती मी भिंतीतल्या प्लगला लावली, बोर्ड तिच्यावर चालूच राहिला. मग चहाची सुट्टी झाली. गरम समोसा होता, जुन्या विद्यार्थिनी भेटल्या... परत आले तर भिंतीवरचं बटण बंद, पॉवर बँक संपलेली, बोर्डावर एकही दिवा नाही.

हॉल सांभाळणारे एक काका दाराशी बसले होते. मी त्यांच्यावर जवळजवळ ओरडलेच, "हे बटण कोणी बंद केलं?"

"तुम्हीच केलं ना मॅडम," काका शांतपणे म्हणाले. "चहाले जाता जाता. मी पाह्यलं. म्हटलं, बाई चांगल्या वळणाची हाय."

हात माझाच असणार.

रोहण्याला माझ्या माहेरी एकच खोली होती, एकच बल्ब. आई मजुरीवरून येऊन स्वयंपाक करायची, मी त्याच उजेडात अभ्यास. बाहेर पडताना तिचं ठरलेलं वाक्य, "मांगं वळून पाह्यजो, बटन चालू तर नाई राह्यलं." चव्वेचाळीस वर्षांची झाले तरी खोलीतून निघताना माझा हात आपोआप भिंतीकडे जातो. मला कळतसुद्धा नाही.

माझं नाव पुकारलं. काहीतरी तांत्रिक बिघाड सांगावा, असं क्षणभर मनात आलं... पण काका समोरच बसले होते. म्हटलं, "बोर्ड रिकामा आहे. चहाला जाताना सवयीनं मीच बटण बंद केलं." मागून हसू उसळलं. मॅडम हसल्या नाहीत.

"मग दाखवणार काय?"

मी मार्कर घेतला आणि चिपचं आतलं सर्किट फळ्यावर काढायला लागले. एकदा चुकलं, पुसून पुन्हा काढलं. स्लाइड्सकडे बघायचं राहूनच गेलं. मॅडमनी तीन प्रश्न विचारले. दोनांची उत्तरं आली, तिसऱ्याला "माहीत नाही" म्हणाले. त्यांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

सत्र संपलं. हॉल रिकामा झाला. मी सामान आवरत होते, डोळे भरून आले होते, म्हणून मुद्दाम उशीर लावत होते. मॅडम दारापर्यंत गेल्या... आणि परत फिरल्या. भिंतीपाशी जाऊन एकेक पंखा बंद करू लागल्या. मग दिवे. शेवटच्या बटणावर बोट थबकलं.

"तुमचं काही चालू नाही ना?"

मी मान हलवली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, आणि मग ज्या काही हसलो दोघी...

"माझी आई मागून हाक मारायची, बटण बंद केलंस का म्हणून," त्या म्हणाल्या. मग पर्समधून माझा फॉर्म काढला. "सहीची जागा मी कोरी ठेवलीय. न बघता सही करणार नाही. बुधवारी अमरावतीला चाललेय, आर्वीवरून जाईन. चालू ठेवा."

उद्या बुधवार. सकाळीच बोर्ड भरून ठेवलाय आणि त्याच्या बटणावर आडवी चिकटपट्टी लावलीय... माझ्यापासून जपायला.

आईला फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "म्हंजे त्या बाईच्या मायनं बी तिले नीट वळण लावलं म्हणायचं."