तोळेवाल्या मावशी

तोळेवाल्या मावशी सराफ्यातल्या एखाद्या दुकानाची पायरी चढल्या की आतला शेठ न सांगता पंखा बंद करायचा. वाऱ्याने काटा हलतो, आणि हलला की गिऱ्हाइकाच्या बाजूने कधीच हलत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. भर मे महिन्यात शेठ घाम पुसत वजन करायचा आणि मावशी समोर पदराने वारा घेत बसायच्या.

त्या आमच्या शेजारी राहायच्या. चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या. तिथल्या बायकांना अडीनडीला दागिना मोडायचा झाला की त्या मावशींना सोबत न्यायच्या. मावशी आधी त्या बाईला पोटभर जेवू घालत, कारण उपाशी माणूस पहिल्याच भावाला मान डोलावतो. मग चांगली साडी नेसायला लावत. "गरज पदराखाली झाकायची. ती दिसली की भाव उतरतो," असं त्या सांगत.

तीन दुकानांत भाव विचारल्याशिवाय डबी उघडायची नाही. खडे-मणी आपल्या डोळ्यांदेखत काढायला लावायचे आणि घट किती धरणार ते वजनाआधीच वदवून घ्यायचं. शेठशी त्या कडाकडा भांडत, पण खोटं बोलत नसत. दागिना कुठे डाग देऊन सांधलेला असला तर आपणहून दाखवत. म्हणूनच त्यांच्या शब्दाला सराफ्यात वजन होतं.

चार वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आई दवाखान्यात अडकलेली. तिने पाटल्या, साखळी आणि चांदीचं ताट माझ्या हवाली केलं. पाटल्या तिच्या वडिलांनी लग्नात घातलेल्या. आजोबा लासूर स्टेशनला हमाल होते, आणि पोती वाहून त्यांनी लेकीला सोनं कसं केलं हे आईने आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं की आम्ही भावंडं तिच्या आधी वाक्य पूर्ण करायचो.

मी मावशींना घेऊन सराफ्यात गेले. शेठने पाटलीच्या आतल्या बाजूने हलकेच कानस फिरवली. खाली तांबं निघालं. वर नुसता सोन्याचा पत्रा. मला रडू फुटलं, आणि खरं सांगायचं तर आजोबांचा रागही आला. मावशींनी पाटल्या रुमालात बांधल्या. साखळी नि ताटाचा भाव मात्र असा ताणला की शेठने शेवटी हात जोडले. कमी पडले ते पैसे त्यांनी आपल्या भिशीतून घातले.

रिक्षात त्या म्हणाल्या, "आईला सांगायचं, पाटल्यांना भाव बराबर नाय भेटला, म्हणून मावशीनं मोडू दिल्या नाय."

"पण मावशी, हे खोटं आहे."

"व्हय. पोरीला मोकळ्या हातानं सासरी धाडायचं नव्हतं तुझ्या आज्याला. त्यानं लई कष्टानं झाकलेलं, आपण कशाला उघडं करायचं?"

बाबा बरे झाले. गेल्या वर्षी मावशी गेल्या. तेराव्याला आई जमलेल्या बायकांना हात पुढे करून पाटल्या दाखवत होती. "या बाईमुळं माझ्या बापाचं सोनं माझ्या हातात राहिलं," ती सांगत होती.

शेजारी बसलेल्या बाईने मला हळूच विचारलं, "किती तोळ्यांच्या गं?"

"चार," मी म्हणाले. "अस्सल आहेत."