प्रेस्टिजचा फेटा

लालातात्या माझे सख्खे चुलते. आमचं गाव कुंडल. सतरा वर्षं फौजेत काढून तात्या घरी आले ते एक शब्द घेऊन: प्रेस्टिज. तिकडं साहेबांच्या तोंडी त्याचा अर्थ काय होता कुणास ठाऊक. इकडं एकच, लालासाहेबांचं नाव मोठं दिसलं पाहिजे. डिजिटल बोर्डावर फोटो बारका आला, गेलं प्रेस्टिज. तासगावला एस्टीनं जायची वेळ आली, गेलं प्रेस्टिज.

तात्या फौजेत असताना त्यांची लेक प्रांजल वाढवली ती आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी. सायकलवर शाळेत नेली, ताप आला की खांद्यावर टाकून पलूसचा डॉक्टर गाठला. औंदा तिचं लग्न ठरलं आणि आबांना एकच हौस लागली. लग्नात माईकवर नाव पुकारून मानकऱ्यांना फेटा बांधतात, तसा एक आपल्यालाही बांधावा. "पोरीला वाढवलीय गड्या, माझं नाव घेतीलच," म्हणायचे. दाढी करून, कडक इस्त्रीचा सदरा घालून ते पहिल्या रांगेत जाऊन बसले.

तात्यांनी त्यांना उठवलं. "आवं आबा, ही रांग पुढाऱ्यांची. प्रेस्टिजचा प्रश्न हाय. तुमी मागं बसा, नाव घेतो की."

नावं सुरू झाली. माजी अमुक, भावी तमुक. नवरीचं नावसुद्धा माहीत नसलेली माणसं! दर नावाला आबा खुर्चीतून अर्धे उठायचे आणि परत बसायचे. शेवटी फेटे संपले.

मी स्टेजमागं तात्यांना गाठलं. "आबांचं काय?"

"लय घाई रं तुला," म्हणत त्यांनी इकडंतिकडं बघितलं. एक पुढारी फोटो काढून निघून गेला होता, जाताना फेटा खुर्चीवर टाकून. तात्यांनी तो उचलला, झटकला आणि माईकवर ओरडले, "आमचे थोरले बंधू, जोतीराम!" आणि तोच फेटा त्यांनी आबांच्या डोक्यावर बसवला.

थू! मी जवळच होतो. आतली कड घामानं ओली होती आणि तिला परक्याच्या केसतेलाचा वास येत होता.

आबा तो घालूनच माझ्या गाडीवर मागं बसले. वाटेत दिसेल त्याला हात करत होते. "लालानं नाव घेतलं बघ," म्हणाले. मी व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

चार महिने झाले. फेटा पिशवीत घालून खुंटीला टांगलाय. निदान धुऊन तरी ठेवू म्हटलं, तर आबा हात लावू देत नाहीत.

"नगं," म्हणतात, "घडी मोडंल."